खानदेशातल्या संस्थांना पैसा कुठून येत गेला

"निधी कुठे मिळेल?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. कधी तळोद्याकडच्या महिला मंडळाच्या ताई विचारतात, कधी एरंडोलजवळच्या एखाद्या वाचनालयाचे कार्यवाह. त्यांना यादी हवी असते: अमुक ट्रस्ट, तमुक कंपनी, अर्जाची शेवटची तारीख. यादी करून देता येते, पण ती वर्षभरात शिळी होते. त्यापेक्षा आपल्या भागात हा पैसा कोणकोणत्या वाटांनी आला आणि त्या वाटा कुणी, कशासाठी पाडल्या हे माहीत असलं, तर पुढची वाट कुठे निघेल याचा अंदाज बांधता येतो. म्हणून हे टिपण.

सुरुवात पांझरेच्या काठावरून करतो. साक्री तालुक्यात पांझरा, कान या नद्यांवर फड पद्धतीची सिंचनव्यवस्था काही शतकं चालली. नदीत बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांची मजुरी शेतकरी मिळून देत, बरीचशी धान्यात. पाटातला गाळ काढायचा दिवस आला की प्रत्येक घरातून माणूस यायचा. नोंदणी नाही, शिक्का नाही, तरी मला ही खानदेशातली अस्सल सामाजिक संस्था वाटते. इथे पैसा देणारा आणि वापरणारा एकच होता, म्हणून हिशेब गावाच्या डोळ्यांसमोर असायचा. पुढे देणारा दूर गेला. तो जितका दूर गेला, तितका कागद वाढला.

'अनुदान' ही कल्पना सरकारी कारभारात रुजली ती १८५४ च्या वुडच्या खलित्यामुळे. खासगी शाळांना सरकारने काही अटींवर मदत द्यावी, तपासणी करावी, असं त्यात ठरलं. त्यानंतर १८६० चा संस्था नोंदणी कायदा आला. आजही आपल्याकडच्या कोणत्याही मंडळाचं लेटरहेड पाहा, डाव्या कोपऱ्यात हे साल सापडतं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे तिकडच्या जुन्या संस्थांच्या नोंदणी क्रमांकापुढे अजून 'धुळे' लिहिलेलं असतं. बाहेरच्या निधीदात्याला याचा उलगडा होत नाही. तुमचं काम नंदुरबारला आणि नोंदणी धुळ्याची कशी, असं तो विचारतो. एक ओळीचा खुलासा अर्जातच लिहिला तर महिनाभराचा पत्रव्यवहार वाचतो.

स्वातंत्र्यापूर्वी मोठा पैसा द्यायची ती गिरणीवाल्यांची आणि व्यापाऱ्यांची घरं. अमळनेरचे प्रतापशेठ हे त्यातलं ठळक नाव. १९१६ मध्ये त्यांनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कापसाच्या पैशातून एका तालुक्याच्या गावी देशभरातले तत्त्वज्ञानाचे अभ्यासक येऊन राहू लागले. साने गुरुजी ज्या शाळेत शिकवायचे तिलाही प्रताप हेच नाव. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी गेले आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ सुरू झालं. त्या काळी निधी मागणं म्हणजे ओसरीवर जाऊन बसणं. ओळख लागायची, शब्द लागायचा, आणि काम डोळ्यांना दिसावं लागायचं.

पण शेठजींच्या जोडीला वर्गणीही होती. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. धनाजी नाना चौधरींसारखे लोक उभे राहिले, साने गुरुजी गावोगाव फिरले, लोकांनी बांबू दिले, बैलगाड्या दिल्या, हात दिले. पैशाखेरीज जे मिळतं त्याला आता 'लोकसहभाग' म्हणतात आणि प्रस्तावाच्या नमुन्यात त्यासाठी वेगळा रकाना असतो. तो रकाना आपल्याकडे फार जुना आहे.

१९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने चित्र पालटलं. धर्मादाय आयुक्त आले, दरवर्षीचं लेखापरीक्षण आलं, विश्वस्त बदलले की फेरफार अर्ज आला. इथे जरा थांबतो, कारण खानदेशातल्या छोट्या संस्थांचा निधी सर्वांत जास्त कुठे अडत असेल तर इथे. कार्यकारिणी सात जणांची. त्यातले दोन वारले, एक मुलाकडे पुण्याला गेला. गावाने बैठक घेऊन नवे तीन नेमले, इतिवृत्तात लिहिलं, पेढे वाटले. फेरफार अर्ज मात्र कुणी दाखल केला नाही, किंवा केला आणि तो पडून राहिला. दहा वर्षांनी एखादी कंपनी मदत द्यायला तयार होते आणि विश्वस्तांची अधिकृत यादी मागते. यादीत वारलेल्यांची नावं! बँक सह्या बदलून देत नाही, कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि पैसे दुसऱ्या जिल्ह्यात जातात. मी ज्या मंडळात पहिल्यांदा काम केलं तिथे हेच झालं. विहिरीच्या कामाची मंजुरी हातची गेली. त्या वर्षीचा उन्हाळा मी विसरलेलो नाही.

सरकारने संस्थांना थेट हाताशी धरलं ते १९५३ नंतर. दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं आणि महिला मंडळं, बालवाड्या, शिवणवर्ग यांना लहान लहान रकमा मिळू लागल्या. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले आणि वर्गाप्रमाणे अनुदान. गावोगावची वाचनालयं आज जी काही तग धरून आहेत ती या अनुदानावर, रक्कम अपुरी असली तरी. आदिवासी उपयोजना, म्हणजे आदिवासी भागासाठी सरकारी निधी वेगळा राखायची व्यवस्था, १९७० च्या दशकाच्या मध्यात आली. धुळे, नंदुरबार, तळोदा आणि यावल इथे प्रकल्प कार्यालयं झाली. अनुदानित आश्रमशाळा वाढल्या.

याचा एक परिणाम असा झाला की आपल्या बोलण्यात 'संस्था' म्हणजे शिक्षणसंस्था आणि 'संस्थाचालक' म्हणजे पुढारी हे समीकरण पक्कं बसलं. अनुदान म्हणजे शिक्षकांचे पगार. ज्यांची शाळा नाही, वसतिगृह नाही, ज्या फक्त बियाणं जपतात, कुपोषणावर काम करतात किंवा वनहक्काचे दावे भरून देतात, त्यांना संस्था म्हणून ओळखच नव्हती. मला हे नुकसान मोठं वाटतं. ती ओळख पुढे बाहेरून आलेल्या पैशाने दिली.

१९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं तेव्हा मदत म्हणून वाटलेल्या सुकडी आणि मिलो ज्वारीच्या गोष्टी अजून सांगतात. बाहेरच्या मदतीची सवय त्या काळात लागली. त्याच सुमारास शहाद्यात अंबरसिंग महाराजांच्या मागे भिल्ल शेतमजूर उभे राहिले होते आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली. इथून सातपुड्याच्या पायथ्याशी एक वाद सुरू झाला, तो आजही चालू आहे: संस्था करायची की संघटना? प्रकल्पाचा पैसा घेतला की भांडण मवाळ होतं, असं संघटनावाले म्हणायचे. पुढे नर्मदेच्या काठी धरणग्रस्तांच्या मुलांसाठी जीवनशाळा सुरू झाल्या, त्याही लोकांच्या देणग्यांवर आणि धान्यावर. हा प्रश्न आदर्शवादी म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही. कोणाचा पैसा घेणार नाही हे ठरवणं, हाही निधी शोधण्याच्या कामाचा भाग आहे. ते आधी ठरलेलं असलं की पुढची फरपट टळते.

परदेशी देणग्यांवर बंधन आणणारा कायदा आणीबाणीत, १९७६ मध्ये आला. तो २०१० मध्ये नव्याने लिहिला गेला. दरम्यान १९८६ मध्ये दिल्लीत कपार्ट ही केंद्र सरकारची संस्था स्थापन झाली, खेड्यातल्या स्वयंसेवी कामाला थेट पैसे देण्यासाठी. दिल्लीला पाठवलेला अर्ज मंजूर होऊन आला की तालुक्यात चर्चा व्हायची. पण नुसता पैसा उचलण्यासाठीही संस्था निघाल्या. कपार्टने काळ्या याद्या केल्या आणि त्यात काही संस्था हिशेब वेळेवर न दिल्यामुळेही अडकल्या. पुढे कपार्ट हैदराबादच्या ग्रामीण विकास संस्थेत विलीन झाली. समाजकल्याण मंडळही २०२२ मध्ये बंद झालं. जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी ही नावं अजून असतात. या दोन्हींकडे अर्ज करायचा विचार आता सोडून द्यावा.

टिकून राहिली ती नाबार्डची, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेची वाट. १९८२ मध्ये स्थापना, १९९२ पासून बचत गटांना बँकेशी जोडण्याचं काम, मग पाणलोट, आणि २००३-०४ पासून आदिवासी विकास निधीतून वाडी प्रकल्प: एका कुटुंबाची साधारण एक एकर, त्यात फळझाडं, कडेने कुंपणाला उपयोगी झाडं, मधल्या जागेत आंतरपीक. नाबार्डचा जिल्हा विकास व्यवस्थापक ही भेटायलाच हवी अशी व्यक्ती आहे. तरीही किती संस्थांचे लोक त्यांना कधी भेटलेले नसतात!

मग आला सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार, नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं. आपल्यासाठी कायद्यातला एक शब्दप्रयोग महत्त्वाचा ठरला: कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावं. ज्या जिल्ह्यात कारखाने, तिथे पैसा. महाराष्ट्राला देशात सर्वाधिक सीएसआर मिळतो, पण तो मुंबई-पुण्याभोवती घुटमळतो. जळगावात जैन उद्योगसमूहासारखं स्थानिक घराणं होतं, २०१२ मध्ये उघडलेलं गांधी तीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय त्यांच्याच दानातून उभं राहिलेलं काम. अक्कलकुवा-धडगावला असा कारखानाच नाही.

जानेवारी २०१८ मध्ये नंदुरबारचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्र सरकारने खास लक्ष द्यायला निवडलेल्या जिल्ह्यांत झाला. राज्यातले इतर तीन म्हणजे गडचिरोली, वाशीम आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव. त्यामुळे परिसरात कारखाना नसतानाही कंपन्यांना नंदुरबार निवडायला कारण मिळालं. प्रस्तावात हा शब्द पहिल्या परिच्छेदात यायला हवा. अनेक जण तो लिहीतच नाहीत, कारण 'मागास' म्हणवून घ्यायचा संकोच वाटतो. तो संकोच मला समजतो, पण ही सरकारी वर्गवारी आहे आणि कंपनीचा अधिकारी आपल्या संचालक मंडळापुढे तेच कारण मांडणार असतो.

२०२० नंतरची चार-पाच वर्षं छोट्या संस्थांना फार जड गेली. परदेशी निधीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि असा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घेणं सक्तीचं झालं. यातली पहिली अट खानदेशाला सर्वांत जास्त लागली. पुण्या-मुंबईची मोठी संस्था पैसा आणायची आणि त्यातला वाटा धडगाव, साक्री, चोपड्याच्या छोट्या संस्थेला द्यायची, ती साखळी तुटली. २०२१ पासून १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या नव्याने करून घ्याव्या लागल्या आणि त्यांना मुदत आली. सीएसआर घ्यायला त्याच वर्षापासून सीएसआर-१ नोंदणी. सरकारी योजनांसाठी एनजीओ दर्पण या सरकारी संकेतस्थळावरचा क्रमांक, मग अनुदानाच्या अर्जांसाठी ई-अनुदानसारखी पोर्टल. संस्थांना शेअर बाजारातून पैसा उभारता यावा म्हणून सोशल स्टॉक एक्स्चेंजही आलंय, पण तिथे उभारायची किमान रक्कम ५० लाख आहे. आपल्याकडच्या बहुतेक मंडळांची आयुष्यभराची जमा तितकी नसते.

ओसरी गेली आणि पोर्टल आलं, याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते सांगतो. धडगाव तालुक्यातल्या एका महिला संस्थेचा दर्पणचा अर्ज भरायला आम्ही बसलो होतो. पदाधिकाऱ्यांचे पॅन आणि आधार लागतात. ओटीपी गेला खजिनदार ताईंच्या फोनवर, आणि त्या ऊसतोडीला गुजरातमध्ये. फोन लागला तेव्हा त्या फडात होत्या, कोयता खाली ठेवून आकडे वाचायला लागल्या, तोवर दहा मिनिटं उलटून गेलेली. "आते काय करानं?" पलीकडून आवाज आला. पुन्हा ओटीपी पाठवला. तिसऱ्या वेळी जमलं. एखाद्या मोठ्या शहरातल्या कार्यालयात हे काम चहा संपायच्या आत होतं.

मागच्या महिन्यात एरंडोलकडच्या वाचनालयाचे कार्यवाह आप्पा कापडी पिशवीत सगळं दप्तर घेऊन आले. लेखापरीक्षण अहवाल वर्षवार शिवलेले, इतिवृत्तं स्वच्छ अक्षरात, पण ८०जीची मुदत उलटलेली. तो अर्ज त्याच दिवशी भरला. मग एका कंपनीसाठी अभ्यासिकेचा प्रस्ताव लिहायला घेतला. नमुन्यात प्रश्न होता: या कामात समाजाचा स्वतःचा वाटा किती? आप्पांनी पिशवीच्या तळातून एक जुनं पावतीपुस्तक काढलं. इमारत बांधतानाची वर्गणी. कुणी ११ रुपये, कुणी २१, आणि मध्येच काही पावत्यांवर रुपयांच्या जागी लिहिलेलं: ज्वारी, एक पोतं. विटा, एक गाडी. दोन दिवस मजुरी.

त्या पानांच्या छायाप्रती आम्ही प्रस्तावाला पहिलं परिशिष्ट म्हणून जोडल्या. उत्तर अजून यायचंय.