एकास तीन म्हणजे किती? मुंबईतल्या परिचारिकांच्या थकव्यामागचा हिशेब

मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांत परिचारिका खचल्या आहेत, हे बोलणं निघालं की एक आकडा हमखास पुढे येतो: एकास तीन. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका. इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक. देशपातळीवरच्या परिचर्या परिषदेचा हा निकष प्रशासनही दाखवतं आणि संघटनाही. ऐकणाऱ्याला वाटतं, एका सिस्टरकडे तीनच पेशंट, मग तक्रार कसली?

हा आकडा एका पाळीचा नाही, चोवीस तासांचा आहे. तीन पाळ्यांत वाटला की एकीच्या वाट्याला नऊ खाटा येतात. ६० खाटांचा वॉर्ड धरा. निकषाप्रमाणे २० जणी, वर रजेसाठी राखीव ३० टक्के म्हणजे आणखी ६. या २६ जणींपैकी रोज साधारण चौघी साप्ताहिक सुट्टीवर असतात. शिवाय कुणी नाइट करून उतरलेली, कुणी बाळंतपणाच्या रजेवर, कुणी तापाने पडलेली. राखीव सहा पदं भरलीच नाहीत, की वीसच उरतात. त्यातल्या तिघी सुट्टीवर. सकाळी राउंड, ड्रेसिंग, तपासण्या, ॲडमिशन यांचा रेटा असतो, म्हणून तिथे जास्त जणी द्याव्या लागतात आणि रात्रीचा अख्खा वॉर्ड तिघी-चौघींवर येतो. कुणी आली नाही तर आधीच्या पाळीतलीला थांबवतात किंवा घरी बसलेलीचा ऑफ रद्द होतो. कागदावर मात्र एकास तीन कायम.

त्यात निकष खाटा मोजतो, पेशंट नाही. मुंबईची पालिका रुग्णालयं दारात आलेल्याला सहसा परत पाठवत नाहीत, आणि पाठवूही नयेत. खाट नसेल तर दोन खाटांच्या मध्ये गादी पडते. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो सुरू झाले की गाद्या व्हरांड्यापर्यंत जातात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर लेप्टोची साथ आली, तेव्हा हे साऱ्या शहराने पाहिलं. खाली झोपलेल्या पेशंटलाही सलाइन लावावं लागतं, बीपी घ्यावं लागतं, त्याचा कागद लिहावा लागतो, त्याच्या नातेवाइकांना उत्तर द्यावं लागतं. वाकून, गुडघ्यावर बसून. पण गादीमागे पद मंजूर होत नाही. माझ्या मते साऱ्या वादाची मेख इथे आहे, आणि पदभरतीच्या चर्चेत तिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

टंचाई जुनीच. १९४६ साली आरोग्यविषयक समितीने देशात साधारण ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याची नोंद केली होती.

बर्नआउट हा शब्द त्या मानाने नवा. १९७०च्या दशकात तो अभ्यासकांच्या वापरात आला आणि २०१९ साली जागतिक पातळीवर त्याची व्याख्या ठरली: कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ आवरल्या न गेलेल्या ताणातून येणारी अवस्था. हा आजार नव्हे, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. वॉर्डात हा शब्द फारसा ऐकू येत नाही. तिथे "जीव नको झालाय" म्हणतात. तरी व्याख्या उपयोगाची आहे, कारण ती बोट कामाकडे दाखवते, बाईच्या मनोधैर्याकडे नाही. ध्यानाची शिबिरं घेऊन रात्रपाळीला चौथी सिस्टर येत नाही.

मनोधैर्याचा दुसरा धागा सुरक्षिततेचा. नोव्हेंबर १९७३ मध्ये परळच्या पालिका रुग्णालयात एका तरुण परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने अत्याचार केला. ती त्यातून पुन्हा सावरली नाही. २०१५ साली ती गेली, तोवर तिच्या सहकारी आणि नंतरच्या पिढ्यांतल्या सिस्टरांनी तिची शुश्रूषा केली. मधल्या काळात तिला दुसरीकडे हलवायचा प्रयत्न झाला, तोही त्यांनीच हाणून पाडला. या सेवेचं कौतुक खूप झालं. रात्री एकटीने कपडे बदलायला जायची भीती मात्र आजही सिस्टर बोलून दाखवतात.

खासगीत प्रश्न पगाराचा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी वेतनाइतकं वेतन आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणी किमान २०,००० रुपये सुचवले. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. मग एप्रिल २०२० आला. मुंबई सेंट्रलच्या एका खासगी रुग्णालयात पंचवीसहून जास्त परिचारिकांना कोरोनाची लागण झाली आणि इमारत सील करावी लागली. यातल्या बऱ्याच मुली केरळातून आलेल्या, एका खोलीत कित्येक जणी राहणाऱ्या.

साथ ओसरल्यावर पदं भरतील, ही अपेक्षा होती. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, त्याचं मुख्य कारण होतं पदं बाह्य यंत्रणेमार्फत भरण्याचा निर्णय. कंत्राटाने निदान हात तरी मिळतात, ही प्रशासनाची बाजू. ती अगदीच खोटी नाही. पण अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर आलेली मुलगी व्हेंटिलेटरवरचा पेशंट एकटीने सांभाळू लागते, तोवर तिची मुदत भरत आलेली असते. तिच्या जागी नवी येते. तिला शिकवायचं काम पुन्हा त्याच जुन्या सिस्टरकडे, जिने आदल्या रात्री खाटांवरचे आणि गाद्यांवरचे सगळे पेशंट पाहिलेले असतात.