लस टोचून आणल्यावर
(रामबाग, इंदूर येथील आमच्या मेडिकलकडून, बाळाच्या घरच्यांसाठी)

दीड, अडीच किंवा साडेतीन महिन्यांची लस झाली, की संध्याकाळी कुणीतरी आजोबा काउंटरवर येतातच: "मांडी लाल झालीये, अंग तापलंय. लस बाधली का हो?"

बाधली नाही. त्या दिवशीच्या पेंटाव्हॅलंटमध्ये (पाच आजारांवरच्या एकत्र लसीत) डांग्या खोकल्याचा जो भाग असतो, तो ताप आणतो. ताप, किरकिर, टोचल्या जागी सूज, हे सगळं एक-दोन दिवसांत ओसरतं. बारीक गाठ काही आठवडे हाताला लागते. ती चोळू नका, शेकू नका. थंड पाण्याची घडी ठेवा. अंगावरचं दूध चालू राहू द्या.

आता मुद्द्याचं. घरात मोठ्या भावंडाचं पॅरासिटामॉल सिरप असतं आणि बाळाचे ड्रॉप्सही. नाव एकच, पण औषध सारखं दाट नाही. ड्रॉप्सच्या 1 मिलीत साधारण 100 मिलीग्रॅम औषध असतं. सिरपच्या 5 मिलीत 125 किंवा 250. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले, तर दोन ते चार पट औषध पोटात जातं. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: दर किलोला 15 मिलीग्रॅमपर्यंत, दोन डोसांत किमान 4 ते 6 तास. बाटली आणि लसीचं कार्ड घेऊन या, सिरिंजवर खूण करून देऊ. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नको. अ‍ॅस्पिरिन तर कुठल्याच मुलाला नको.

बीसीजीची, म्हणजे क्षयरोगावरच्या लसीची, गोष्ट वेगळी. काही आठवड्यांनी डाव्या दंडावर पुटकुळी येते, फुटते, व्रण राहतो. हळद, तूप, मलम काही लावायचं नाही. (इथे आजींची आणि आमची दरवेळी जुंपते.)

नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाचा ताप आठवडा-दीड आठवड्याने येतो, कधी अंगावर पुरळही उठतं. तोवर लस टोचल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं.

टोचल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबा. गंभीर अ‍ॅलर्जी बहुधा तेवढ्यातच दिसते. घरी आल्यावर श्वास लागला, झटके आले, बाळ लुळं पडलं, तर आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका, 108 लावा. तीन तास थांबेचना असं रडणं किंवा दोन दिवसांवर टिकलेला ताप असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि कार्ड सोबत न्या.