उलटी पडलेली काळी

सकाळी सहाला भाच्याचा फोन आला. "मामा, काळी उलटी पडलीय. अजिबात हलत नाहीये. आई म्हणते, मेली असेल, टाकून ये."

मी एवढंच विचारलं, "पाय पोटाखाली मुडपलेत की पसरलेत?"

"पसरलेत. खाली पांढरं जाळं अंथरलंय, त्यावर उताणी पडलीय."

"मग ती मेली नाही, कात टाकतेय. हात लावू नकोस, पाणी शिंपडू नकोस. मी निघालोच."

काळी म्हणजे ताईच्या इंदूरमधल्या सुदामा नगरातल्या घरी तीन वर्षांपासून असलेली टॅरँटुला जातीची कोळीण. शास्त्रीय नाव ग्रामोस्टोला पुल्क्रा. ब्राझिलचे शास्त्रज्ञ मेल्लो-लेइताव यांनी १९२१ साली तिचं वर्णन केलं. पुल्क्रा म्हणजे लॅटिनमध्ये सुंदर, आणि नाव तिला शोभतं. दक्षिण ब्राझिल आणि उरुग्वेच्या गवताळ माळरानांवर ती बिळात राहते. पिल्लू असताना तपकिरी दिसते, मोठी होता होता मखमलीसारखी काळीभोर होते. पाय पसरले तर पंधरा सेंटिमीटरच्या पुढे जाते. पाळणाऱ्यांमध्ये ती सगळ्यांत शांत म्हणून प्रसिद्ध आहे. तिचा हा शांतपणा बऱ्याच लोकांना नीट कळत नाही, म्हणून हा लेख.

आधी पायांचं सांगतो, कारण फोनवरचा माझा प्रश्न तिथूनच आला होता. आपला हात वाकवायला एक स्नायू आणि सरळ करायला दुसरा. कोळ्याच्या पायात मुख्य सांधे वाकवणारे स्नायू आहेत, पण ते सरळ करणारे स्नायूच नाहीत. पाय पसरतो तो आतल्या द्रवाच्या दाबानं. जेसीबीचा हात तेलाच्या दाबानं उचलला जातो, तसाच. कोळी मरतो किंवा त्याच्या शरीरातलं पाणी फार कमी होतं, तेव्हा हा दाब उतरतो, स्नायू एकटेच ओढत राहतात आणि आठही पाय मुठीसारखे पोटाखाली मिटतात. म्हणून पाय मिटून बसलेल्या कोळ्याची काळजी करायची. उताणा पडून पाय पसरलेला कोळी आपल्या कामात असतो.

मी पोचलो तेव्हा काम निम्मं झालं होतं. पोटातला द्रव पुढच्या भागात ढकलला जातो, तिथला दाब वाढतो आणि पाठीवरची ढाल डब्याच्या झाकणासारखी उचलली जाते. मग हातमोज्यातून बोटं काढावीत तसा एकेक पाय जुन्या कातडीतून बाहेर येतो. दीड-दोन मिनिटं जोर, मग विश्रांती, पुन्हा जोर. ताईच्या सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या. "बाळंतपणासारखंच आहे की हे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी स्वयंपाकघरातला मिक्सर बंद करायला लावला. अगदी बरोबर केलं. कोळ्याची नजर मंद असते, डोळे आठ असले तरी. त्याचं जग धक्क्यांचं आणि कंपनांचं, पायांवरच्या केसांनी जाणवणारं.

पूर्ण बाहेर आली तेव्हा तिचे विषदंत पांढरेशुभ्र होते. ते आधी तांबूस, मग काळे होतात. तोवर तिला खायला द्यायचं नाही आणि काचपेटीत जिवंत किडा तर ठेवायचाच नाही. या काळात ती इतकी मऊ असते की रातकिडाही तिला कुरतडू शकतो.

मागे राहिलेली कात भाच्यानं पाण्यात भिजवून सुयांनी उलगडली. कातीत नुसती बाहेरची कातडी नसते. दंतांची आवरणं, श्वासाच्या पुस्तक-फुप्फुसांचे (पुस्तकाच्या पानांसारखे थर असलेल्या फुप्फुसांचे) चार पांढरे ठिपके, पोटाच्या आतल्या बाजूला मादीची शुक्र साठवण्याची पिशवी, हे सगळं तिच्यात उतरलेलं असतं. ती पिशवी भिंगातून दिसली आणि काळी मादीच असल्याची खात्री झाली. ही खात्री महत्त्वाची, कारण नर वयात आल्यावर साधारण वर्ष-दोन वर्षांत मरतो, तर मादी वीस वर्षांपेक्षाही जास्त जगू शकते. भाचा आज सोळाचा आहे. शिकायला, नोकरीला इंदूर सोडून गेला तरी काळी इथेच असेल. ताईला हे मी त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं.

आता शांतपणाबद्दल. काळी भाच्याला ओळखत नाही. तिला लळा लागत नाही आणि हातावर बसणं तिला आवडतही नाही. ती बसून राहते, कारण दबा धरून शिकारीची वाट पाहत कमीत कमी शक्ती खर्चायची हीच तिची जगण्याची रीत आहे. आठवड्या-दहा दिवसांतून एक रातकिडा तिला पुरतो. काही वेळा महिनोन्महिने खात नाही आणि तरी ठणठणीत असते. तिला हातावर घेण्यात खरा धोका तिलाच आहे. पोटाची कातडी इतकी पातळ की दोन-तीन फुटांवरून पडली तरी पोट फुटू शकतं, आणि तिचं हेमोसायनिन या प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनातल्या तांब्यामुळे निळसर दिसणारं रक्त वाहून जातं. म्हणूनच पेटीत नारळाच्या भुशाचा थर जाड आणि वरची मोकळी जागा कमी ठेवायची. झाकणाला जाळी नको, तिच्यात पायाची नखं अडकतात.

माणसाला त्रास होतो तो बहुधा केसांचा. चिडली की मागच्या पायांनी पोटावरचे बारीक काटेरी केस उडवते. त्वचेला खाज सुटते, पण डोळ्यात गेले तर ते बुबुळात रुततात आणि दुखणं फार दिवस चालतं. पेटीत वाकून बघायचं नाही. हात घातला तर धुतल्याशिवाय डोळे चोळायचे नाहीत.

इंदूरची हवा तिला बरीच मानवते, कारण तिच्या माळरानावरही हिवाळा असतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पेटी खिडकीपासून दूर, आतल्या थंड भिंतीलगत ठेवावी आणि पाण्याची वाटी कायम भरलेली असावी. मला जास्त धास्ती पावसाळ्याची वाटते. डासांसाठीच्या कॉइल, प्लगमध्ये लावायच्या बाटल्या, गल्लीतून फिरणारी धुराची गाडी, यांतली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं कीटकांच्या मज्जातंतूंवर काम करतात आणि कोळ्यालाही सोडत नाहीत. तिच्या खोलीत यातलं काहीही नको. फवारा मारलेल्या घरातलं झुरळही तिला घालायचं नाही.

एक गोष्ट जरा कळकळीनं सांगतो. काळीचा शांतपणा बघून कुणी रानातला मोठा कोळी डब्यात भरून आणू नये. आपल्याकडचे पोएसिलोथेरिया गटातले, झाडांच्या ढोलीत राहणारे टॅरँटुला केस उडवत नाहीत, पण विजेसारखे पळतात, आणि चावले तर स्नायूंत गोळे येऊन कित्येक दिवस दुखतं. त्यांतलाच निळ्या रंगाचा मेटॅलिका ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९९ साली आंध्रातल्या गुत्तीच्या नमुन्यावरून नोंदवला. तो आज शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही लहान जंगलपट्ट्यात उरला आहे. या सगळ्या गटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानं नियंत्रण आहे. परदेशी कोळी घ्यायचाच तर बंदिवासात वाढलेलं पिल्लू घ्यावं, आणि विकणाऱ्याकडे आयातीचे कागद मागायला लाजू नये.

त्या दिवसानंतर दोन आठवड्यांनी भाच्यानं फोटो पाठवला. दंत काळे झाले होते आणि तिनं पहिला रातकिडा धरला होता. आजींनी दिलेल्या लोणच्याच्या बरणीत तो तिच्या काती तारखा लिहून जपतो. या वेळची कात काही त्या बरणीत मावली नाही.