मुसोलिनीच्या गाड्या खरंच वेळेवर धावत होत्या का?

'मुसोलिनी कसाही असो, त्याच्या राज्यात गाड्या वेळेवर धावायच्या,' हे इटलीच्या या हुकूमशहाबद्दलचं वाक्य वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. रोज लोकलची वाट पाहणाऱ्याला ते पटावं, यात नवल नाही.

आता तारखा लावून बघू. पहिल्या महायुद्धात इटलीच्या रेल्वेची पार दैना झाली होती. दुरुस्ती सुरू झाली ती मुसोलिनीच्या आधीच. तो सत्तेवर आला ऑक्टोबर १९२२ मध्ये, तोही मिलानहून रात्रीच्या गाडीने रोमला येऊन. बोलोन्या-फ्लोरेन्स थेट मार्ग घ्या. डोंगराखालून साडेअठरा किलोमीटरचा बोगदा. काम सुरू झालं १९१३ ला, उद्घाटन १९३४ ला. श्रेय कुणाच्या पदरात पडलं, ते उघड आहे.

काही मोठ्या एक्सप्रेस सुधारल्या, हे खरं. पण आडमार्गावरच्या गाड्या रखडतच होत्या, असं तेव्हाच्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय. वर्तमानपत्रं सरकारच्या मुठीत होती, मग उशिराची बातमी छापणार कोण?

पडताळायचं असेल तर कामाच्या सुरुवातीचं साल शोधा, उद्घाटनाचं नव्हे. आणि सरकारी जाहिरातीपेक्षा प्रवाशांच्या नोंदी वाचा. जुलै १९४३ मध्ये मुसोलिनीची सत्ता गेली, एप्रिल १९४५ मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. गाड्यांची ही दंतकथा तेवढी मागे उरली.