अधिक बिट डेप्थच्या डिजिटल प्रतिमा

पिक्सेलमधील लाल, हिरव्या व निळ्या रंगाचे मूल्य जितक्या बिटांत नोंदवले जाते, ती त्या प्रतिमेची बिट डेप्थ. नेहमीच्या जेपेग छायाचित्रात ती ८ असते, म्हणजे प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. १० बिटांत १,०२४, १२ बिटांत ४,०९६ आणि १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मिळतात. ८ बिटांहून अधिक माहिती ठेवणाऱ्या फायलींचा विचार या नोंदीत केला आहे.

नुसते पाहायचे असेल तर बहुतेक छायाचित्रांना ८ बिट पुरतात. अडचण येते ती फेरफार करताना. काळोखा भाग उजळला की मोजक्या पायऱ्या ताणल्या जातात, आणि निरभ्र आकाशासारख्या सलग रंगात पट्टे उमटतात. म्हणूनच कॅमेऱ्याच्या रॉ फायली, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती, बहुधा १२ किंवा १४ बिटांच्या असतात. ८ बिटांची फाईल १६ बिटांत साठवली तरी गेलेले बारकावे परत येत नाहीत. फाईल तेवढी फुगते.

पीएनजी या फाईल-प्रकारात १६ बिटांची सोय १९९६ पासून आहे, टिफ या प्रकारातही आहे. वेबसाठीचा वेबपी हा प्रकार मात्र ८ बिटांवरच थांबतो. चित्रपटांच्या दृश्यपरिणामांसाठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीने घडवलेला आणि २००३ मध्ये सर्वांना खुला केलेला ओपनईएक्सआर हा फाईल-प्रकार दशांश मूल्ये साठवतो. त्यामुळे पडद्यावरच्या पांढऱ्याहून प्रखर उजेडही त्यात नोंदवता येतो.

फाईल उघडली म्हणजे ती पूर्ण दिसली, असे नव्हे. अनेक दर्शक प्रोग्राम १६ बिट वाचतात आणि गुपचूप ८ बिट दाखवतात. याहून फसवा प्रकार वैज्ञानिक प्रतिमांचा. १२ बिटांची मूल्ये १६ बिटांच्या फाईलमध्ये तशीच ठेवली, तर सर्वांत उजळ पिक्सेलही ६५,५३५ पैकी ४,०९५ वरच, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांवर राहतो. साधा दर्शक अशी प्रतिमा जवळजवळ काळी दाखवतो, आणि पाहणाऱ्याला फाईलच बिघडल्यासारखे वाटते. सीटी स्कॅन पाहण्याच्या प्रोग्राममध्ये यावर ‘विंडो’ची सोय असते: मूल्यांचा हवा तेवढाच पट्टा निवडून तो काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरवायचा. फुप्फुसासाठी एक विंडो, हाडासाठी दुसरी, फाईल तीच.

१० बिट खरोखर डोळ्यांपर्यंत पोचायचे, तर प्रोग्राम, ऑपरेटिंग सिस्टिम, ग्राफिक्स कार्ड, केबलवरची जोडणी आणि मॉनिटर या सर्वांनी ते पेलले पाहिजेत. एक दुवा ८ बिटांचा निघाला की पुढचे सगळे व्यर्थ. चाचणीसाठी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग जाणारी १६ बिटांची करडी पट्टी वापरतात. ३,८४० पिक्सेल रुंद पडद्यावर ८ बिटांची प्रत्येक पायरी १५ पिक्सेलांची होते, १० बिटांची जेमतेम ४. पट्टे दिसले तर कुठेतरी काटछाट झाली आहे. न दिसले तरी लगेच खात्री धरू नये, कारण काही मॉनिटर शेजारच्या दोन छटा वेगाने आलटूनपालटून दाखवून मधल्या छटेचा आभास निर्माण करतात.