स्लॅब जाड टाकला म्हणून घर गार राहत नाही

लातूर-परभणीकडे घर बांधताना हमखास सांगतात, ‘स्लॅब सहा इंची टाका, उन्हाळ्यात घर गार राहील.’ हे चूक आहे. काँक्रीट उष्णता फारशी अडवत नाही, साठवून ठेवतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती खोलीत सोडतो. म्हणून अकरा वाजताही पंख्याचा वारा गरमच लागतो. 50 मिमी एक्सपीएस शीट (कडक फोमची उष्णतारोधक शीट) जेवढी उष्णता रोखते, तेवढी रोखायला दोन मीटरहून जाड काँक्रीट लागेल! शीट मात्र स्लॅबच्या वर हवी: आधी वॉटरप्रूफिंग, मग शीट, त्यावर स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) आणि पांढऱ्या टाइल्स. आपल्या माळवदावर, म्हणजे जुन्या घरांच्या सपाट छतावर, उष्णता अडवणारा मातीचा जाड थर उगाच नव्हता. स्लॅबची जाडी इंजिनिअरला भार बघून ठरवू द्या, आणि गारव्यासाठी वाढवलेल्या सिमेंट-सळईचा पैसा कृपया शीटवर घाला.