मिटल्या डोळ्यांमागचं चित्र

डोळे मिटून एक सफरचंद आठवा. कुणाला सालीवरची चकाकीसुद्धा दिसते, कुणाला नुसता लालसर गोल. काहींना मात्र सफरचंद कसं असतं हे पक्कं ठाऊक असूनही समोर अंधारच राहतो. या अवस्थेला मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘अफँटेशिया’ हे नाव दिलं.

दुसऱ्याच्या मनातलं असं चित्र मोजायचं कशानं? हाताशी एफएमआरआय आहे. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे प्राणवायू घेऊन येणारं रक्त वाढतं, आणि हे यंत्र तोच बदल टिपतं. पण चेतापेशी क्षणात चेततात, तर रक्ताचा भर यायला पाच-सहा सेकंद लागतात. शिवाय नोंदीतल्या एकेका ठोकळ्यात, म्हणजे व्हॉक्सेलमध्ये, लाखो पेशी असतात.

म्हणून थेट कल्पनेला हात न घालता आधी पाहण्याचा शब्दकोश तयार करावा लागतो. २००८ मध्ये केंड्रिक के, थॉमस नासेलारिस, जॅक गॅलंट आणि सहकाऱ्यांनी दोघाजणांना १,७५० छायाचित्रं दाखवली. कुठला व्हॉक्सेल चित्राच्या कुठल्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवतो, त्याला उभ्या रेषा चालतात की तिरक्या, ठळक की बारीक, हे गणितात बसवलं. मग १२० नवी चित्रं घेतली. मला इथली उलटी वाट फार आवडते: मेंदूवरून चित्र ओळखण्याऐवजी, प्रत्येक चित्राला मेंदू कसा प्रतिसाद देईल याचं भाकीत आधी केलं आणि प्रत्यक्ष नोंद कुठल्या भाकिताशी जुळते ते पाहिलं. एकाच्या बाबतीत ९२ टक्के चित्रं अचूक ओळखली गेली, दुसऱ्याच्या ७२ टक्के. निव्वळ अंदाजाने एक टक्काही जमलं नसतं.

पुढे याच पद्धतीचं मॉडेल, म्हणजे भाकीत करणारं गणित, आठवणीतल्या चित्रांवर लावलं. ते चाललं, पण मेंदूतली खूण क्षीण होती. ही क्षीणता नुसती अशक्तपणाची नाही, हे २०२० च्या एका अभ्यासातून पुढे आलं. पाहताना माहिती डोळ्यांकडून वर चढते. कल्पना करताना ती स्मृतीकडून खाली उतरते, आणि उतरताना बारकावे गळतात. पाहताना चित्राचा चिमुकला तुकडा बघणारा व्हॉक्सेल कल्पनेत मोठा भाग कवेत घेतो आणि ठळक आकारांवरच थांबतो. आठवलेल्या सफरचंदावरचे ठिपके मोजता येत नाहीत, ते बहुधा यामुळेच.

अफँटेशिया असलेल्यांपैकी अनेकांना स्वप्नं मात्र चित्रांतच पडतात. मुद्दाम आठवताना बंद असलेली ही वाट झोपेत कशी उघडते, हे मॉडेलमध्ये अजून बसायचं आहे.